अळंब्यांचा अर्क आणि त्याची परीक्षा

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एका पत्राला या सदरांतूनच उत्तर द्यावें असें आम्हांस वाटलें. कारण प्रश्न एका घरचा असला तरी तो आज पुष्कळ घरांत उभा आहे. पत्र एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील सुनेचें आहे. त्यांच्या मामंजींना जठराचा कर्करोग झाल्याचें निदान झालें असून रुग्णालयाचे औषधोपचार चालू आहेत. परदेशीं असलेल्या धाकट्या दिरांनीं 'शिताके' नांवाच्या जपानी अळंब्याच्या अर्काच्या गोळ्यांच्या चार बाटल्या मोठ्या आस्थेनें पाठविल्या आहेत. थोरल्या दिरांचें म्हणणें असें कीं, वस्तु नैसर्गिक आहे, अपाय होण्याचें कारण नाहीं, तेव्हां आजपासूनच सुरुवात करावी. सासूबाईंना अळंबें पोटांत जाण्याचाच संकोच आहे. आणि स्वतः मामंजी, ज्यांना रुग्णालयाच्या औषधानें अन्नावरची वासना राहिलेली नाहीं, ते रोज एकच विचारतात कीं, "हें घेतलें तर तें बंद करतां येईल कां?" पत्रलेखिका विचारतात, या अर्काची कोणी खरोखर परीक्षा केली आहे कां, कीं ही सारी बाटलीवरची भाषा आहे?

आम्ही वैद्य नव्हे, आणि कोणत्या रुग्णानें काय घ्यावें हें मासिकाच्या पानावरून सांगूं नये, हें आम्ही जाणून आहोंत. परंतु परीक्षा झाली आहे कां, ती कशी झाली, कोणावर झाली आणि तिचा निकाल काय लागला, हें सांगणें आमच्या अधिकारांतलें आहे. आणि ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

प्रथम सासूबाईंच्या संकोचाविषयीं दोन शब्द. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण व कांदा यांच्याच ओळींत कवक म्हणजे अळंबें बसविलें असून तें द्विजांना वर्ज्य सांगितलें आहे. त्यांतले पहिले दोन पदार्थ आज बहुतेक घरांत चातुर्मास संपतांच सन्मानानें परत येतात. तिसऱ्याचें काय करावें हें ज्याच्या त्याच्या घरीं ठरेल. सुश्रुतानें मात्र सूत्रस्थानांत अन्नपानाचा विचार करतांना अळंब्यांना भाज्यांच्या मालिकेंत जागा दिली आहे, आणि तीं पेंढ्यावर, उसावर, शेणावर, वेळूवर कीं जमिनीवर उगवलीं यावरून त्यांचे गुण निरनिराळे मानले आहेत. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें बाटलीकडे वळूं तेव्हां ती उपयोगी पडणार आहे.

कोंकणांत व गोव्यांत पावसाळ्यांत वारुळांवर उगवणारीं अळंबीं निराळीं, बाजारांत डब्यांतून मिळणारीं पांढरीं 'बटन' अळंबीं निराळीं, आणि शिताके निराळें. शिताके लांकडावर उगवतें. जपानांतील 'शीई' नांवाच्या वृक्षावरून त्याला हें नांव पडलें. 'ताके' म्हणजे अळंबें. चीन आणि जपान या दोन्ही देशांत तें शेंकडों वर्षें खाण्यांत आहे. वाळविलेलें शिताके भिजवून त्याच्या पाण्याचें सार करण्याची चाल जपानांतील बौद्ध मठांच्या निरामिष स्वयंपाकांत आहे, हें आमच्या शाकाहारी वाचकांना ऐकून बरें वाटेल. म्हणजे अन्न म्हणून या वस्तूची परीक्षा केव्हांच होऊन गेली आहे. प्रश्न औषध म्हणून तिच्या परीक्षेचा आहे.

ती परीक्षा तोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राच्या संशोधन संस्थेंत सुरू झाली. इकेकावा आणि त्यांचे सहकारी यांनीं खाण्यांतल्या कित्येक अळंब्यांचे गरम पाण्यांतले काढे केले आणि ते उंदरांवर आजमावले. १९६९ सालीं त्यांनीं आपले निकाल प्रसिद्ध केले. उंदरांच्या अंगांत 'सार्कोमा १८०' नांवाच्या गांठीच्या पेशी टोंचून गांठ वाढूं द्यावयाची, कांहीं उंदरांना काढ्याचें सत्त्व टोंचावयाचें, कांहींना टोंचावयाचें नाहीं, आणि शेवटीं दोन्हींकडील गांठींची तुलना करावयाची, अशी ती पद्धति होती. शिताकेच्या सत्त्वानें गांठींची वाढ सुमारें ८० टक्क्यांनीं रोखली गेली. कांहीं उंदरांत तर गांठ विरूनच गेली. अशाच प्रकारचा गुण आणखी कांहीं जपानी अळंब्यांतही आढळला. आपल्या बाजारांतील पांढऱ्या बटन अळंब्यांत मात्र तो जवळजवळ आढळलाच नाहीं. "अळंबीं कर्करोगावर गुणकारी" असें मोघम विधान करणारांनीं निदान एवढें तरी लक्षांत घ्यावें कीं, पहिल्याच परीक्षेंत एक अळंबें उतरलें आणि दुसरें नापास झालें.

८० टक्के हा आंकडा मोठा आहे, आणि जाहिरातींतून आजही फिरतो तो बहुधा याच जातीच्या प्रयोगांचा. म्हणून तो कसा मिळाला इकडे जरा बारकाईनें पाहूं. एक तर काढा उंदरांना पाजला नव्हता, तो पोटाच्या पोकळींत सुईनें टोंचला होता. दुसरें म्हणजे ती गांठ त्या उंदराच्या स्वतःच्या शरीरांत उपजलेली नव्हती. ती परक्या उंदराची गांठ होती. परक्या पेशी शरीर आपण होऊनच हांकलूं पाहतें; सार्कोमा १८० ची गांठ कांहीं उंदरांत औषधावांचूनही विरते. शरीराच्या या स्वाभाविक विरोधाला थोडा जोर मिळाला तर गांठ झपाट्यानें हटते. माणसाचा कर्करोग म्हणजे त्याच्याच पेशींनीं केलेली बंडाळी. घरचाच माणूस फितूर झाला तर पहारेकरी त्याला सहसा अडवीत नाहीं. तेव्हां उंदरांतील यश खोटें नव्हतें, परंतु तें सोप्या शत्रूवर मिळविलेलें होतें.

त्याच संस्थेंत गोरो चिहारा व त्यांचे सहकारी यांनीं पुढचें पाऊल टाकलें. काढ्यांत अनेक द्रव्यें असतात. त्यांपैकीं गुण कशाचा, हें शोधण्यासाठीं त्यांनीं शिताकेच्या सत्त्वाचें पुनःपुन्हां पृथक्करण करून एक शुद्ध पदार्थ वेगळा काढला आणि त्याला 'लेंटिनान' असें नांव दिलें. त्याची हकीकत १९६९ सालीं 'नेचर' या पत्रांत प्रसिद्ध झाली. लेंटिनान ही ग्लुकोज साखरेच्या कणांची लांबच लांब, फांद्या फुटलेली सांखळी आहे. पिठूळ पदार्थांतील स्टार्च हीही ग्लुकोजचीच सांखळी. परंतु कण जोडण्याची तऱ्हा निराळी असल्यामुळें स्टार्च आपल्याला पचतो आणि ही सांखळी पचत नाहीं. या जातीच्या सांखळ्यांना बीटा-ग्लुकान म्हणतात.

लेंटिनानविषयीं दोन गोष्टी अशा निघाल्या कीं, ज्या प्रत्येक घरांतल्या वडील माणसांनीं ऐकाव्या. पहिली ही कीं, तें कर्करोगाच्या पेशींना स्वतः मारीत नाहीं. ज्या उंदरांची छातींतील थायमस ग्रंथि जन्मतांच काढून टाकली होती, त्यांच्यांत लेंटिनानचा प्रभाव पडला नाहीं. थायमसमध्यें शरीराच्या संरक्षक पेशींची एक जात तयार होते. म्हणजे तलवार त्या पेशींच्या हातांत. लेंटिनान केवळ त्यांना हांक मारून उठविणारें. उठणारे शिपाईच थकलेले असतील, तर हांकेचा उपयोग तो किती? दुसरी गोष्ट मात्रेची. अल्प मात्रेंत जो गुण दिसला तो मात्रा पुष्कळ वाढवितांच ओसरला. "दोन गोळ्यांनीं गुण येतो तर चार घ्या" हा जो घरगुती हिशेब आहे, तो येथें उंदरांतसुद्धां जमला नाहीं.

यानंतरचा टप्पा माणसांचा. जपानांत लेंटिनानचें शुद्ध औषध तयार झालें आणि १९८० नंतरच्या दशकांत, शस्त्रक्रियेनें काढतां न येणाऱ्या किंवा उलटलेल्या जठराच्या कर्करोगांत, टेगाफर नांवाच्या कर्करोगावरील औषधाच्या जोडीला देण्यास त्याला सरकारी मान्यता मिळाली. येथें पत्रलेखिकेनें क्षणभर थांबावें. रोग तोच, जो त्यांच्या मामंजींना आहे. अळंबें तेंच, ज्याचें चित्र त्यांच्या बाटलीवर असेल. असें असूनही मान्यता मिळाली ती शिरेंतून द्यावयाच्या इंजेक्शनाला, गोळीला नव्हे. आणि ती दुसऱ्या औषधाच्या जोडीला, त्या औषधाच्या ऐवजीं नव्हे. लेंटिनानचा रेणु इतका अवजड कीं, तोंडानें घेतल्यास तो आंतड्याच्या भिंतींतून जसाच्या तसा रक्तांत उतरत नाहीं. म्हणून तर जपानी डॉक्टरांनीं सुईची वाट धरली. बीटा-ग्लुकान पोटांत गेल्यावर आंतड्यांतील संरक्षक पेशींशीं त्यांची गांठ पडून कांहीं परिणाम होत असेल, असें मानणारे शास्त्रज्ञ आहेत, आणि तो विचार टाकाऊ नाहीं. परंतु इंजेक्शनाची कीर्ति गोळीला लावणें म्हणजे थोरल्या भावाची पदवी धाकट्याच्या नांवापुढें लिहिणें होय.

बरें, इंजेक्शनाचें तरी पुढें काय झालें? माणसांवरील परीक्षेची रीत उंदरांहून कठीण आहे. एका औषधानें रुग्ण बरा झाला असें म्हणावयाचें, तर तें औषध न घेणारा अगदी तसाच दुसरा रुग्ण शेजारीं पाहिजे. तसा तंतोतंत जोडीदार मिळत नाहीं, म्हणून पुष्कळ रुग्ण घ्यावयाचे आणि कोणाला औषध द्यावयाचें हें डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडतां जणूं चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचें. असें केलें म्हणजे तरुण व वृद्ध, धट्टे व अशक्त, हौशी व उदास असे सर्व दोन्हीं बाजूंना सारखे वांटले जातात. अशा रीतीच्या पांच जपानी परीक्षांतील ६५० रुग्णांची माहिती एकत्र करून २००९ सालीं हिशेब मांडण्यांत आला, तेव्हां लेंटिनान घेणारे रुग्ण सरासरीनें थोडे अधिक काळ जगले असें दिसलें. रोग हटला नव्हता. काळ थोडा वाढला होता. तरीही ज्या घरांत असा रुग्ण आहे, तेथें थोडा काळ ही थोडी गोष्ट नव्हे.

यानंतर जपानांतच एक मोठी व अधिक काटेकोर परीक्षा झाली आणि तिचा निकाल २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. या वेळीं जोडीचें औषध टेगाफरपासूनच बनविलेलें नवें व अधिक प्रभावी असें 'एस-१' होतें. १५४ रुग्णांना केवळ एस-१ दिलें. १५५ रुग्णांना एस-१ आणि लेंटिनान हीं दोन्हीं दिलीं. केवळ एस-१ घेणाऱ्यांची मध्यम आयुर्मर्यादा १३.८ महिने भरली. लेंटिनानही घेणाऱ्यांची ९.९ महिने. हा फरक नुसत्या योगायोगानेंही पडूं शकला असता इतक्या मर्यादेंतला आहे, म्हणून लेंटिनाननें आयुष्य घटविलें असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. परंतु त्यानें आयुष्य वाढविलें असें तर मुळींच म्हणतां येत नाहीं. उपचार निष्फळ ठरून थांबविण्याची वेळसुद्धां लेंटिनान घेणाऱ्या गटावर आधीं आली.

आम्ही हे आंकडे दोनदां वाचले. ज्या देशानें हें द्रव्य शोधलें, मान्य केलें आणि कित्येक वर्षें वापरलें, त्याच देशांतील डॉक्टरांनीं आपल्याच आवडत्या औषधाला पुन्हां परीक्षेस बसविलें आणि तें उतरलें नाहीं हें स्वतःच छापून टाकलें. आमच्या मतें या सबंध हकीकतींत सर्वांत आदरणीय गोष्ट हीच आहे. आपल्याकडे एखाद्या मुळीचा गुण एकदां आजोबांना आला, कीं तिची पुन्हां परीक्षा करणें हा आजोबांचा अपमान समजतात.

आतां तोंडानें घेण्याच्या अर्काकडे येऊं. याची परीक्षा झालीच नाहीं असें नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॉक्टरांनीं पौरुष ग्रंथीचा, म्हणजे प्रॉस्टेटचा कर्करोग असलेल्या साठांवर पुरुषांना शिताकेच्या तंतुजालाचा अर्क सहा महिने गोळ्यांतून दिला. 'पीएसए' नांवाच्या रक्तांतील द्रव्याच्या प्रमाणावरून या रोगाची चढउतार कळते. सहा महिन्यांनीं पाहतां एकाही रुग्णांत तें प्रमाण समाधानकारक उतरलें नव्हतें, आणि हा अर्क एकटा या रोगावर निष्प्रभ आहे असा निर्वाळा त्यांनीं २००२ सालीं दिला. दुसरा रोग आणि दुसरा देश, हें खरें; परंतु गोळीच्या रूपांतील शिताके अर्काला कर्करोगाच्या रुग्णांनीं दिलेली साक्ष म्हणून ती दृष्टीआड करतां येत नाहीं.

उलट बाजूची एक साक्षही सांगितली पाहिजे. फ्लोरिडा विद्यापीठांत ५२ निरोगी तरुण स्त्रीपुरुषांना चार आठवडे रोज वाळलेलें शिताके, अर्क नव्हे, ५ किंवा १० ग्रॅम इतकें अन्नांतून दिलें. संरक्षक पेशींच्या कार्यांत सुधारणेचीं चिन्हें रक्ताच्या तपासणींत दिसलीं. हा निकाल २०१५ सालचा आहे. चिन्हें चांगलीं आहेत. परंतु तुलनेसाठीं शिताके न खाणारा गट त्यांत नव्हता, आणि निरोगी तरुणाच्या रक्तांतील चिन्ह म्हणजे आजारी वृद्धाचें बरें होणें नव्हे. परीक्षेच्या मांडणीचा चांगला नमुना पाहावयाचा असेल, तर तो दुसऱ्याच एका जपानी अळंब्यानें घालून दिला आहे. पांढऱ्या दाढीसारखें दिसणारें तें 'यामाबुशिताके'. ज्यांची स्मरणशक्ति किंचित् मंदावली आहे अशा ५० ते ८० वर्षें वयाच्या ३० माणसांपैकीं निम्म्यांना त्याच्या चूर्णाच्या गोळ्या आणि निम्म्यांना अगदी तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या १६ आठवडे देण्यांत आल्या. कोणाला कोणती हें घेणाऱ्यांना ठाऊक नव्हतें. चूर्ण घेणाऱ्यांचे गुण अधिक वाढले, आणि गोळ्या थांबवून चार आठवडे होतांच ते पुन्हां घसरले. पोकळ गोळीची ही युक्ति कां? तर आपल्यासाठीं कोणी कांहीं करीत आहे या भावनेनेंच माणसाला बरें वाटूं लागतें, आणि तें बरें वाटणें हिशेबांतून वजा करावें लागतें. २००९ सालची ही परीक्षा लहान होती. तीवरून कोणी धांवत दुकानांत जाऊं नये. पण प्रश्न कसा विचारावा हें तिच्यावरून कळतें.

आणि आतां ती बाटली. बाटलींतला 'अर्क' हा शब्द मोठा लबाड आहे. अळंबें म्हणून आपण जें पाहतों तें त्या वनस्पतीसारख्या दिसणाऱ्या, पण वनस्पति नसलेल्या जीवाचें केवळ फळ असतें; खरा जीव म्हणजे लांकडांत किंवा पेंढ्यांत पसरलेलें बारीक तंतूंचें जाळें. कांहीं कारखाने हें जाळें तांदूळ, ओट यांसारख्या धान्यावर वाढवितात आणि धान्यासकट वाळवून त्याची पूड करतात. मग त्या पुडींत अळंबें किती आणि भाताचें पीठ किती? लेबलावर 'पॉलिसॅकराइड' अमुक टक्के असें छापलेलें असतें, आणि गृहिणीला तें फार शास्त्रीय वाटतें. परंतु वर सांगितल्याप्रमाणें स्टार्च हाही पॉलिसॅकराइडच आहे. साध्या तांदुळाच्या पिठावरही तो शब्द खोटें न बोलतां छापतां येईल. बीटा-ग्लुकान किती आणि स्टार्च किती, हे दोन आंकडे वेगवेगळे दिलेले असतील तर कांहीं अर्थ. पेंढ्यावरचें अळंबें निराळें आणि वेळूवरचें निराळें असें म्हणणाऱ्या सुश्रुताची येथें आठवण होते. तें कशावर वाढलें हें त्यानें आधींच विचारलें होतें.

याची एक ढोबळ परीक्षा घरींही करतां येते. शाळेंत जाणाऱ्या मुलांना ती ठाऊक असेल, त्यांनाच करूं द्यावी. गोळी कुटून तिची चिमूटभर पूड पाण्यांत उकळावी, पाणी पूर्ण निवूं द्यावें आणि त्यांत टिंक्चर आयोडिनचे दोन थेंब टाकावे. शेजारीं भाताच्या पेजेचा एक पेला असाच करून ठेवावा, म्हणजे तुलना होते. पुडीचा पेला पेजेसारखा गडद निळाकाळा झाला, तर त्यांत स्टार्च पुष्कळ आहे असें समजावें. शुद्ध अळंब्यांत असा रंग उठविण्याइतका स्टार्च नसतो. मात्र रंग निळा झाला नाहीं, तर गोळींत औषधी गुण आहे असें त्यावरून ठरत नाहीं. फक्त एक फसवणूक नाहीं एवढेंच ठरतें. परीक्षेचे दोन्हीं पेले लगेच ओतून टाकावे.

पत्रलेखिकेच्या घरांतील वादाकडे या माहितीनिशीं पाहिलें, तर थोरल्या दिरांचा मुद्दा अर्धाच टिकतो. 'नैसर्गिक म्हणून निरपाय' हें म्हणणें अळंब्यांच्या बाबतींत तर कोणीच करूं नये. दरवर्षीं पावसाळ्यांत रानांतलीं विषारी अळंबीं खाऊन माणसें दगावतात, तींही नैसर्गिकच असतात. शिताके विषारी नाहीं. परंतु शरीराच्या संरक्षक पेशींना जागें करणारें म्हणून जें विकलें जातें, तें चालू औषधांच्या जोडीला कसें वागेल हा प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आहे, आणि बाटली त्यांच्यापासून लपवूं नये. आमच्या घरांतून एक वाईट चाल पडली आहे. आयुर्वेदाचा काढा, होमिओपॅथीच्या गोळ्या, परदेशांतून आलेली बाटली, हें सारें उशीखालीं ठेवून डॉक्टरांना "कांहीं नाहीं" म्हणून सांगावयाचें. ते रागावतील ही भीति. रागावले तरी चालतील. बाटली पिशवींत घालून न्यावी आणि त्यांच्या टेबलावर ठेवावी. कोणाचा मूत्रपिंडादि अवयव बदललेला असेल आणि संरक्षक पेशी मुद्दाम दडपून ठेवणारीं औषधें चालू असतील, तर डॉक्टरांनीं स्पष्ट परवानगी दिल्यावांचून असा अर्क तोंडीं लावूंच नये.

मामंजींच्या प्रश्नाला मात्र आडपडदा न ठेवतां उत्तर दिलें पाहिजे. अर्क घेऊन रुग्णालयाचें औषध बंद करतां येईल, याला आधार देणारी एकही परीक्षा आम्हीं वर सांगितलेल्या हकीकतींत नाहीं. जेथें लेंटिनानला यश आलें तेथेंही तें दुसऱ्या औषधाच्या सोबतीनेंच आलें, आणि शेवटच्या मोठ्या परीक्षेंत तीही सोबत कामाची ठरली नाहीं. मात्र वृद्ध माणूस असा प्रश्न विचारतो, तेव्हां तो बहुधा अर्काविषयीं बोलत नसतो; औषधानें होणारी मळमळ, तोंडाची गेलेली चव, अंगांतला शीण, हें त्याला सांगावयाचें असतें. या गोष्टींवर डॉक्टरांजवळ उपाय असतात: मळमळीचें औषध बदलतां येतें, मात्रा कमी करतां येते, दोन खेपांमधील अंतर वाढवितां येतें. पण रुग्ण घरच्या माणसांना सांगतो आणि घरचीं माणसें अर्काची चर्चा करीत बसतात. पुढच्या भेटीला जातांना सूनबाईंनीं मामंजी दिवसांतून किती वेळां व किती खातात, कोणत्या वेळीं मळमळतें, महिन्याभरांत वजन किती उतरलें, हें एका कागदावर लिहून न्यावें. आणि औषध थांबविण्याचा विचार मामंजी खरोखरच करीत असतील, तर तो त्यांनीं डॉक्टरांसमक्ष बोलून दाखवावा. तो विचार करण्याचा अधिकार त्यांचा आहे, परंतु तो बाटलीच्या भरंवशावर होतां कामा नये.

धाकट्या दिरांना काय लिहावें असेंही पत्रांत विचारलें आहे. त्यांनीं पाठविलें तें प्रेमानें, तेव्हां उत्तरही तसेंच असावें. पण पुढच्या बाटल्या पाठवूं नयेत, त्या रकमेचा उपयोग येथें औषधाच्या व तपासण्यांच्या खर्चाला होईल, असें संकोच न करतां लिहावें.

राहिलें शिताके अन्न म्हणून. डॉक्टरांची हरकत नसेल, मामंजींना तें रुचत असेल आणि सासूबाईंनीं स्वयंपाकघराचें दार उघडलें, तर वाळलेल्या शिताकेचें सार रुचकर होतें. अळंब्यांत शरीराला उपयोगी अशीं कांहीं द्रव्यें व तंतु असतात. परंतु तें कच्चें किंवा अर्धवट शिजलेलें खाऊं नये. कच्चें शिताके खाल्ल्यानंतर एकदोन दिवसांनीं कांहीं माणसांच्या अंगावर चाबकाचे फटके मारल्यासारखे लाल, खाजरे वळ उठतात. नाकामुरा या जपानी डॉक्टरांनीं १९७७ सालीं या विकाराचें वर्णन केलें, आणि त्याचें कारण बहुधा तेंच लेंटिनान असावें असें मानतात. वळ कांहीं दिवसांत आपोआप जातात, परंतु ज्याची प्रकृति आधींच नाजूक आहे त्याला ही भर कशाला? वाळलेलीं शिताके स्वच्छ धुवून तीं फुलून मऊ होईपर्यंत पाण्यांत भिजत घालावीं, देंठ कठीण असतात ते काढून टाकावे, आणि भिजविलेलें पाणी वरून निवळून घेऊन, तळाचा गाळ ठेवून, त्याच पाण्यांत तीं चांगलीं मऊ होईपर्यंत शिजवावीं. आलें व मीठ शेवटीं घालावें. पहिल्या दिवशीं दोन चमचे साराहून अधिक देऊं नये.